वाडग्यातली पेंड

१९६१ साली अमेरिकेतल्या किराणा दुकानांत कुत्र्यांसाठी एक नवाच माल आला. सेलोफेनमध्ये एकेक गुंडाळलेली, लालचुटूक, चपटी टिक्की. लांबून पाहिलं तर खाटकाकडचा ताजा खिमा थापून ठेवल्यासारखी दिसायची. नाव होतं ‘गेन्स बर्गर’, आणि विकणारी कंपनी होती जनरल फूड्स, म्हणजे जेली आणि कॉफी विकणारी घरोघरची ओळखीची मंडळी. टिक्कीला फ्रिज लागत नव्हता की डबा फोडायचं हत्यार. कागद सोडवायचा, टिक्की बोटांनी कुस्करायची आणि वाडग्यात टाकायची, एवढंच काम.

या टिक्कीत मांस होतं, पण ते कत्तलखान्यात माणसांसाठीचे तुकडे काढून झाल्यावर उरलेलं. त्याच्या जवळजवळ बरोबरीने होती तेल काढून घेतलेल्या सोयाबीनची पत्री. आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास चक्क साखर. साखर कुत्र्याचे लाड म्हणून घातलेली नव्हती. मोरावळा फडताळात वर्षभर टिकतो त्याच कारणाने ही टिक्की टिकत होती: साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना ते मिळत नाही. उरलीसुरली बुरशी रोखायला पोटॅशियम सॉर्बेट आणि मऊपणा राखायला प्रॉपिलीन ग्लायकॉल. लाल रंगाची गंमत तर याहून मोठी. कुत्र्याला तांबडा रंग दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांना तो मळकट पिवळा-तपकिरी भासतो. तो लाल रंग कागद सोडवणाऱ्या मालकासाठी होता.

श्वानखाद्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात असे प्रसंग बरेच आहेत. वाडग्यात काय पडायचं हे कुत्र्याच्या पोटाने क्वचितच ठरवलं. ते ठरवलं बाजारात काय उरलं त्याने, आणि उरलेल्याला कोणतं नाव दिलं की मालकाला ते पटेल याने. सोयाबीनची कथा ही त्यातली सगळ्यात लांबलेली आणि सगळ्यात जास्त वळणं घेतलेली कथा आहे.

‘उरलेलं’ हा कुत्र्याच्या जेवणाचा मूळ धर्मच म्हणायचा. आपल्याकडे कुत्र्याचं खाणं म्हणजे भाकरतुकडा. नामदेवांच्या कथेत कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. कथेचा सगळा भर तुपावर आहे, पण पळवलेली वस्तू भाकरी होती हेही ध्यानात घेण्यासारखं. माणसाच्या सहवासात कुत्रा धान्य पचवायला शिकला, याला आता जनुकांचाही पुरावा आहे. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासानुसार पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. ‘कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा, त्याला मांसच हवं’ असं आज जाहिराती सांगतात, तेव्हा या भाकरीखाऊ जनुकाचा त्यांना सोयीस्कर विसर पडलेला असतो.

उरलेल्याचा पहिला मोठा व्यापारी जेम्स स्प्रॅट. हा गृहस्थ मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. वीजरोधक तारा विकायचा धंदा घेऊन तो लंडनला आला. बंदरावर खलाशांनी टाकलेली कडक जहाजी बिस्किटं कुत्री मिटक्या मारत खाताना त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात कल्पना चमकली, असं सांगतात. १८६०च्या सुमारास त्याने काढलेल्या वड्यांचं नाव होतं ‘मीट फायब्रिन डॉग केक्स’. आत गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि अमेरिकी गवताळ मैदानांवरच्या गुरांच्या सुकवलेल्या मांसाचा अंश. नावात मांस पुढे आणि घटकांत पीठ पुढे, ही रीत तेव्हापासूनची. त्याच्याकडे नोकरीला लागलेला चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण पुढे श्वानप्रदर्शनं भरवू लागला. १८९१ साली लंडनमध्ये त्याने आपल्या नावाने भरवलेलं ‘क्रफ्ट्स’ आजही भरतं.

पुढचं उरलेलं होतं घोड्याचं मांस. मोटार आणि ट्रॅक्टर आले, अमेरिकेत घोडे बिनकामाचे झाले. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या चॅपल बंधूंनी १९२२ साली ते डब्यात भरून ‘केन-एल रेशन’ म्हणून विकायला काढलं, आणि धंदा असा चालला की काही वर्षांत कुत्र्याचं विकतचं खाणं म्हणजे डबा हेच समीकरण झालं.

योगायोग असा की त्याच इलिनॉयमध्ये, त्याच वर्षी, वेगळंच काहीतरी सुरू होत होतं.

डिकेटर गावात ए. ई. स्टेली याचा मक्यापासून स्टार्च काढायचा कारखाना होता. लहानपणी चीनहून परतलेल्या एका मिशनऱ्याने त्याला सोयाच्या बिया दिल्या होत्या अशी आठवण सांगतात. १९२२ साली स्टेलीने सोयाबीन गाळायला सुरुवात केली. अमेरिकेत सोयाबीन तोवर जवळपास वैरणीचंच पीक होतं: पेरायचं, कापायचं, जनावरांना घालायचं. बिया गाळून तेल काढायचा मोठा व्यापार होता तो मांचुरियात. १९०८पासून मांचुरियाचं सोयाबीन जहाजं भरभरून इंग्लंडमधल्या हलच्या घाण्यांकडे जाऊ लागलं होतं, आणि तिथली पेंड युरोपातल्या दुभत्या गुरांपुढे.

पेंड म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड गोठ्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. पण शेंगदाणा घाण्यात घातला की निम्म्याच्या आसपास तेल निघतं. सोयाबीनचा हिशेब उलटा. शंभर किलो दाण्यांतून तेल निघतं अठराएक किलो, आणि पेंड उरते ऐंशी किलोला थोडी कमी. आज लातूरच्या व्यापाऱ्याला विचारा, तो सोयाबीनचा भाव सांगताना तेलाइतकाच ‘डीओसी’चा, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचा भाव सांगेल. सोयाबीनचं तेल काढणं म्हणजे पेंडीला गिऱ्हाईक शोधणं. ऐंशी टक्के माल कोणाच्या तरी तोंडी गेलाच पाहिजे.

१९३४ साली शिकागोत जर्मन पद्धतीचे नवे कारखाने उभे राहिले. दाणा चेपून तेल काढण्याऐवजी त्याची पातळ पत्री करायची आणि हेक्झेन या पेट्रोलसारख्या द्रावकाने ती धुऊन काढायची. तेल जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत निघतं, आणि उरलेल्या पत्रीत ४४ टक्क्यांवर प्रथिनं राहतात. हेक्झेन किती तापट आहे ते लगेच कळलं. ऑक्टोबर १९३५मध्ये ग्लिडन कंपनीच्या शिकागोतल्या सोया कारखान्यात स्फोट झाला आणि अकरा माणसं मेली. धंदा थांबला नाही.

दुसरी अडचण पेंडीतच होती. कच्चं सोयाबीन पोटाला सोसत नाही. थॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल या जोडीने १९१७ सालीच उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कच्च्या सोयावर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. दाण्यात एक असा पदार्थ असतो जो पोटातल्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवून धरतो. १९४५ साली मोझेस कुनित्झने तो स्फटिकरूपात वेगळा करून दाखवला. उपाय मात्र कोणत्याही सुगरणीला सुचेल असा होता: नीट भाजा. पेंडीतला द्रावक वाफेने उडवायचा आणि त्याच यंत्रात तिला भाजून घ्यायचं. कमी भाजली तर पोट बिघडतं, जास्त भाजली तर तिच्यातलं लायसिन हे गरजेचं प्रथिनद्रव्य करपतं. कोंबडीखाद्याच्या धंद्यातला जाणकार आजही पेंड मुठीत घेऊन रंग आणि वास पाहतो: फिकट असली तर कच्ची, तपकिरी असली तर करपलेली.

१९३०च्या दशकात सोयाचं पीठ आणि पेंड श्वानबिस्किटांत हळूहळू शिरू लागली, पण तेव्हा तिची दखल घ्यावी असं काही नव्हतं. दारं उघडली ती महायुद्धाने. एका बाजूला अमेरिकेने सैन्यासाठी कथिल राखून ठेवलं आणि १९४२ साली कुत्र्यांच्या डब्यांवर गदा आली. माणसाला डबा मिळायची मारामार, तिथे कुत्र्याला कोण देणार? दुसऱ्या बाजूला जपानने पॅसिफिकमधून येणारं खोबरेल आणि पामतेल तोडलं, म्हणून सोयाचा पेरा झपाट्याने वाढवला गेला आणि अमेरिका मांचुरियाला मागे टाकून सोयाबीनमध्ये पहिली झाली. डबा गेला, पेंड वाढली. कागदी पिशवीतल्या कोरड्या खाण्याला जो मोकळा मार्ग मिळाला, तो युद्ध संपल्यावरही बंद झाला नाही.

तरी ते कोरडं खाणं अजून भुशासारखं होतं: पीठ, चुरा, भाजलेल्या तुकड्यांचा भुगा. त्याला आजचं दाणेदार रूप दिलं सेंट लुईसच्या राल्स्टन प्युरिना कंपनीने. तिचा संस्थापक विल्यम डॅनफर्थ. पहिल्या महायुद्धात सैनिक जेवणाला ‘चाव’ म्हणतात हे त्याने ऐकलं आणि जनावरांच्या खाद्यालाच ते नाव देऊन टाकलं. लाल-पांढऱ्या चौकटींचा छाप त्याचाच. गाई, डुकरं, कोंबड्या यांचं खाद्य विकणारी ही कंपनी माणसांसाठी नाश्त्याचे कुरकुरीत दाणेही बनवायची, आणि त्या यंत्रविद्येतूनच १९५७ साली फुगवलेलं ‘डॉग चाव’ बाजारात आलं.

हे यंत्र एकदा डोळ्यांसमोर आणायला हवं. मक्याचं पीठ, सोयापेंड, मांस-हाडांची भुकटी आणि जीवनसत्त्वं एका मोठ्या पात्रात घुसळतात, वाफ सोडून लगदा करतात. हा लगदा लांबट नळीत शिरतो. आत फिरणारा जाडजूड आटा त्याला पुढे ढकलत, चेपत, घासत नेतो. उष्णता पाणी उकळण्याच्या बिंदूच्या बरीच वर जाते, पण दाबामुळे पाणी वाफ होऊ शकत नाही. टोकाला भोकांची चकती असते. लगदा त्या भोकातून बाहेर आला रे आला की दाब सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि माल फुगतो, अगदी दुकानातल्या मक्याच्या नळ्या फुगतात तसा. बाहेर पातं गरगरत असतं, ते दाणे छाटत जातं. मग वाळवण, मग वरून चरबीचा फवारा. तो फवारा नसेल तर अनेक कुत्री दाण्यांना तोंड लावायची नाहीत.

या नळीत सोयापेंड दोन कारणांनी चपखल बसली. एक तर दुसऱ्यांदा शिजल्यामुळे तिच्यातला उरलासुरला कच्चेपणा मोडला. दुसरं म्हणजे मक्याशी तिची जोडी जमली. मक्यात लायसिन कमी, सोयात भरपूर. सोयात मेथिओनिन हे असंच दुसरं द्रव्य कमी, मक्यात त्यामानाने बरं. पिठलं-भाकरी किंवा वरण-भात यांत जे गणित आहे तेच. एकेकटं अपुरं, दोन्ही मिळून चालून जातं, आणि वर थोडी मांसाची भुकटी पडली की पोषणाचा हिशेब कागदावर पुरा. अमेरिकी पशुखाद्य-नियंत्रकांच्या संघटनेचं आजचं प्रमाण पाहिलं तर मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाच्या २२.५ टक्के. सोयापेंडीला हे आकडे अवघड नाहीत.

राल्स्टन प्युरिनाला तर ही पेंड इतकी भावली की कंपनीने सोयाप्रथिनांचा स्वतंत्र व्यवसायच उभा केला, आणि १९९७ साली तो ड्यूपाँला विकला. माणसांसाठीच्या प्रथिनपुड्या आणि कुत्र्याचे दाणे अशा रीतीने बरीच वर्षं एकाच मालकाच्या छपराखाली होते. कुत्र्यांचा उरलेला व्यवसाय २००१ साली नेस्लेने घेतला.

आता पुन्हा मांसाच्या नाटकाकडे. सोयाला मांसाचं सोंग देण्याची विद्या कुत्र्यांसाठी जन्मली नाही. हेन्री फोर्डच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉबर्ट बॉयरने सोयाप्रथिनांचं सूत काततात तसे धागे काढले आणि १९५४ साली त्याचं पेटंट मिळवलं. तो मार्ग महागडा होता. स्वस्त मार्ग आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीच्या विल्यम ॲटकिन्सनने दाखवला: सोयाचं पीठ त्याच फुगवणाऱ्या नळीतून काढायचं, म्हणजे स्पंजासारखे चिवट, थरदार तुकडे मिळतात. १९७०च्या पेटंटातलं हे ‘टीव्हीपी’ म्हणजेच आपल्या किराणा दुकानातल्या सोया वड्या. वसतिगृहाच्या मेसमध्ये ज्यांनी त्या रश्श्यात शोधल्या आहेत त्यांना त्यांचा पोत माहीत आहे. अमेरिकेत त्याच वड्या रंगवून, भिजवून, कुत्र्याच्या डब्यात ‘चंक’ म्हणून पडू लागल्या. डबा उघडणाऱ्याला वाटायचं मांसाचे तुकडे.

दुसऱ्या गोटात ‘अल्पो’ ही श्वानखाद्याची कंपनी होती. तिच्या जाहिरातींचं पालुपद एकच: मांस, मांस आणि मांस. टीव्हीवरच्या ‘बोनान्झा’ मालिकेतला भारदस्त बाप लॉर्न ग्रीन कुत्र्याशेजारी उभा राहून खर्जातल्या आवाजात मांसाचं माहात्म्य सांगायचा. एका बाजूने मांसाचा जयघोष, दुसऱ्या बाजूने मांसाचं सोंग. गंमत अशी की निव्वळ मांस हेही कुत्र्याचं पुरं जेवण नव्हे. कॅल्शियमविना नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात हे पशुवैद्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ‘संतुलित’ या शब्दात खर्ज लावण्यासारखं काही नाही.

१९७२ साली पेरूच्या किनाऱ्यावर एल निनोने अँकोव्ही मासळीचा हंगाम बुडवला. त्या मासळीची भुकटी जगभरच्या कोंबड्या-डुकरांचं प्रथिन होती. सगळे सोयापेंडीवर तुटून पडले, भाव आकाशाला भिडले, आणि २७ जून १९७३ रोजी निक्सन सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवरच बंदी घातली. बंदी थोडेच दिवस टिकली, पण जपान इतका हादरला की त्याने ब्राझीलच्या शेतीत पैसा ओतला, आणि ब्राझील पुढे अमेरिकेचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी झाला. श्वानखाद्याचे कारखाने या बाजारात चिल्लर गिऱ्हाईक. भाव ठरत होता कोंबड्यांच्या भुकेवर. मात्र या उलथापालथीत जुळवून घ्यायची युक्ती त्यांच्याकडे आधीपासून होती. पशुखाद्याच्या धंद्यात संगणक फार लवकर आला, तो याच कामासाठी: आजचे भाव भरायचे, हवी ती प्रथिनं-चरबी सांगायची, आणि कमीत कमी खर्चाची कृती काढून घ्यायची. पेंड स्वस्त असली तर पेंड जास्त, महाग झाली तर दुसरं काही. पिशवीवरचं चित्र तेच, आतली कृती बाजाराप्रमाणे सरकती. पुढे महागड्या कंपन्यांनी ‘आमची कृती ठरलेली असते’ अशी जाहिरात सुरू केली, ती या सवयीला टोमणा म्हणूनच.

त्या महागड्या कंपन्यांनीच सोयाला खलनायक केलं. सगळं खोटं होतं असं नाही. सोयात रॅफिनोज आणि स्टॅचिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडायचं पाचकद्रव्य कुत्र्याकडे नाही, माणसाकडेही नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांच्यावर मेजवानी झोडतात आणि वायू सोडतात. हरभऱ्याची उसळ खाल्ल्यानंतरचा अनुभव ज्यांना आहे त्यांना सोयापेंडीवर पोसलेल्या लॅब्रॅडॉरशेजारी बंद खोलीत बसण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ही तक्रार खरी होती.

पण वायूवरून गाडी घसरली ती पोटफुगीवर. मोठ्या, खोल छातीच्या जातींत, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड वगैरेंत, जठर फुगून स्वतःभोवती पिळवटतं आणि काही तासांत कुत्रा दगावू शकतो. सोयाने वायू होतो, या रोगात पोट फुगतं, तेव्हा सोयामुळेच हा रोग होतो, असं तर्कशास्त्र श्वानपालकांमध्ये रूढ झालं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली हा धागा तपासून पाहिला. घटकांच्या यादीतल्या पहिल्या चारांत सोया आणि धान्यं जास्त असण्याचा या रोगाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पहिल्या चारांत तेल किंवा चरबी असण्याचा: धोका २.४ पट. चरबीला मात्र कोणी नावं ठेवली नाहीत.

ॲलर्जीचंही तसंच. २०१६ साली म्युलर, ऑलिव्हरी आणि प्रेलो या त्वचारोगतज्ज्ञांनी आधीच्या अभ्यासांतल्या २९७ कुत्र्यांची नोंद एकत्र केली. गोमांसाचा त्रास ३४ टक्क्यांना, दुधाचा १७, कोंबडीचा १५, गव्हाचा १३ आणि सोयाचा ६ टक्क्यांना. त्यातही ज्या कुत्र्यांनी आयुष्यभर गोमांस खाल्लं त्यांनाच त्याची ॲलर्जी जडणार, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत. पण सोया यादीत वर नव्हतं एवढं नक्की.

तोवर ‘फिलर’ हा शब्द घट्ट बसला होता. फिलर म्हणजे भर, उगीच घातलेली. ४४ टक्के प्रथिनांच्या पेंडीला भर म्हणणं हा हिशेबाचा नव्हे, भावाचा शब्द होता: स्वस्त, म्हणून हलकं. २००३च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ब्लू बफेलो’ने पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की आत मका नाही, गहू नाही, सोया नाही. काय आहे यापेक्षा काय नाही हेच विकलं जाऊ लागलं. २०१८ साली ही कंपनी ८ अब्ज डॉलरना विकत घेतली ती जनरल मिल्सने, जिने १९६०च्या दशकात बॉयरच्याच धाग्यांच्या विद्येने सोयाचे ‘बेकन’चे तुकडे करून अमेरिकी माणसांना खाऊ घातले होते.

मधल्या काळात वनस्पती-प्रथिनांवरचा विश्वास आणखी एका प्रकरणाने हलवला. मार्च २००७मध्ये मेन्यू फूड्स या कंपनीने सहा कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली. कुत्री-मांजरं मूत्रपिंडं बंद पडून मरत होती. चीनहून आलेलं ‘गव्हाचं ग्लूटेन’ प्रत्यक्षात मैदा होता आणि त्यात मेलामाइन मिसळलं होतं. कशासाठी? कारण प्रथिन मोजायची रीत १८८३ची आहे, डेन्मार्कच्या योहान केल्डालची: मालातलं नायट्रोजन मोजा आणि ६.२५ने गुणा. नायट्रोजन प्रथिनातून आलं की प्लास्टिकच्या कच्च्या मालातून, हे त्या गुणाकाराला कळत नाही. मेलामाइनच्या वजनात दोन-तृतीयांश नायट्रोजन. सोया यात नव्हतंच, पण पिशवी उलटी करून घटक वाचायची सवय अमेरिकी मालकांना तेव्हापासून लागली, आणि त्या बारीक अक्षरांत सोया सापडलं की पिशवी परत फळीवर जाऊ लागली.

सोया गेलं, मका गेला, गहू गेला. मग दाण्याला आकार आणि पोटाला प्रथिन देणार कोण? तिथे आले वाटाणे, मसूर, हरभरा, बटाटे. पिशव्यांवर ‘धान्यमुक्त’ असं नाव पडलं. आत कडधान्यंच होती. जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की अशा खाण्यावरच्या कुत्र्यांत हृदय ताणून पातळ होण्याच्या आजाराच्या तक्रारींचा तपास सुरू आहे. एप्रिल २०१९अखेर ५२४ प्रकरणं नोंदली गेली होती. ज्या खाद्यांची नावं त्यांत आली त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त धान्यमुक्त, आणि ९३ टक्क्यांत वाटाणे किंवा मसूर. दोष सिद्ध झाला नाही. कार्यकारणभाव ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं सांगून प्रशासनाने २०२२च्या अखेरीस नियमित निवेदनं थांबवली. पण ज्या भीतीने सोया बाहेर गेलं ती भीती आता त्याच्या जागी आलेल्या मसुराला चिकटली होती. या सगळ्यात सोयाचं नाव संशयितांच्या यादीत नव्हतं.

भारतात सोयाबीन श्वानखाद्यात येण्याआधी माणसाच्या ताटात आणायचा प्रयत्न झाला, आणि तो महाराष्ट्रात झाला. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग केले आणि त्यांची हकिकत ‘हरिजन’मध्ये छापली. त्याच सुमारास बडोदा संस्थानाचे अन्न-पाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिलं; त्यात तीनशे पाककृती होत्या. ताटाने फारशी दाद दिली नाही. १९६०च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पिवळं सोयाबीन आणलं, तेव्हा गाडी फिरून पुन्हा स्टेलीच्या राज्याशी जोडली गेली. पुढच्या दोन-तीन दशकांत विदर्भ-मराठवाड्यातली मोठी जमीन या पिकाखाली गेली. तेल आपण खाल्लं, पेंड आधी जहाजातून बाहेर गेली आणि मग आपल्याच कोंबड्यांनी ती मागायला सुरुवात केली.

२०२१च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. कुक्कुटपालकांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुक-बदललेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईतो भाव निम्म्यावर आले होते. शेतकऱ्यांचा राग अजून गेलेला नाही. १९७३सारखंच इथेही कुत्र्यांच्या दाण्यांना कोणी विचारलं नाही. पण पुण्या-मुंबईतल्या दुकानांतल्या अनेक मध्यम भावाच्या पिशव्या उलट्या करून पाहिल्या तर धान्य, कोंबडीचे उपपदार्थ यांच्यामागोमाग ‘सोयाबीन मील’ सापडतं. तीच पेंड, इंग्रजीत लिहिल्यामुळे गोठ्याची आठवण होत नाही एवढंच.

आणि तीच पेंड पशुवैद्याच्या दवाखान्यात वेगळ्याच थाटात भेटते. कातडी खाजवून लाल झालेल्या, केस गळालेल्या कुत्र्यासाठी डॉक्टर ज्या खास पिशव्या लिहून देतात, त्यांतल्या रॉयल कॅनिन किंवा प्युरिनाच्या हायपोॲलर्जेनिक प्रकारांत मुख्य प्रथिन हायड्रोलाइज्ड सोया असतं. म्हणजे सोयाचं प्रथिन पाचकद्रव्यांनी आधीच इतकं बारीक तोडलेलं की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा चेहरा ओळखू येऊ नये. भाव साध्या पिशवीच्या कितीतरी पट. फळीवर साध्या खाद्याच्या पिशव्या ‘सोया नाही’ म्हणून मिरवत असतात, आणि आतल्या खोलीत डॉक्टर सोयाचीच पिशवी पुढे सरकवतात. सोबत सूचना: निदान आठ आठवडे फक्त हेच दाणे, दुसरं काही नाही. बिस्किट नाही, दूध नाही, हाड नाही. मालक उठता उठता हमखास विचारतो, ‘डॉक्टर, संध्याकाळी आमच्या ताटातला भाकरीचा तुकडा तरी?’ डॉक्टर मान हलवतात. तोही नाही.